शेजार बघा, मग नाव द्या

ओव्हाळ सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते प्रयोगशाळेच्या फरशीवर मांडी घालून बसले होते. समोर चौकटीच्या कागदाच्या लांबच लांब पट्ट्या पसरलेल्या, पट्ट्यांवर पेन्सिलीनं लिहिलेली इंग्रजी अक्षरं, आणि सर ती अक्षरं एकाखाली एक येतील अशा बेतानं पट्ट्या मागंपुढं सरकवत होते. मी प्रवेशाचा अर्ज घेऊन दारात उभी होते. अणदूरहून पहाटेची एसटी धरून तुळजापूर, धाराशिव करत कळंबला पोचायला दुपार झाली होती. सोबत आबा, म्हणजे माझे वडील. त्यांनी आपली काठी दाराबाहेर भिंतीला टेकवली, ती घसरून धाडदिशी पडली, आणि आतली सगळी मुलं वळून आमच्याकडं बघायला लागली. मला तिथून पळून जावंसं वाटलं होतं.

सर उठले, आबांसाठी खुर्ची ओढली आणि त्यांना "बसा, लांबून आलात तुम्ही," म्हणाले. काय करता, असं विचारल्यावर आबांनी मेंढरं राखतो म्हणून सांगितलं. मी मान खाली घातली. सरांनी मात्र डोळे मोठे केले आणि मलाच विचारलं, की दोन मेंढरं अगदी एकासारखी एक असली तर तुम्ही ओळखता कशी? परीक्षा घेताहेत की चेष्टा करताहेत, कळेना. जे माहीत होतं ते सांगून टाकलं.

"कानावरनं. आन् तेवढ्यानं न्हाय कळलं, तर ते कुणाच्या शेजारी जाऊन हुबं ऱ्हातंय त्यावरनं."

सरांनी खडू घेतला आणि माझं उत्तर जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. मग मुलांना म्हणाले, की आपण आठ दिवस जे शोधतोय ते या मुलीनं दारात उभं राहून सांगितलं. त्यांनी आबांना चहा दिला, माझा अर्ज घेतला आणि पुन्हा फरशीवर जाऊन बसले. पुढं माझ्या त्या उत्तराचं त्यांच्या तोंडी एक वचनच झालं, "शेजार बघा, मग नाव द्या." कळंबच्या आमच्या महाविद्यालयातून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून गेलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हे वाक्य तो म्हणून दाखवील.

सरांच्या साठीच्या समारंभासाठी निघणारा हा गौरवग्रंथ हाती घेणारे सगळेच काही आमच्या विषयातले नसतील, म्हणून सरांचं काम काय ते थोडक्यात सांगते. माणसाला जसं लोह लागतं तसं जिवाणूंनाही धातू लागतात. मँगनीज हा त्यातलाच एक, अगदी चिमूटभर लागणारा. आपलं शरीरही काही कमी बेरकी नाही. आजार करणारा जिवाणू आत शिरला की ते असले धातू त्याच्या हाती लागू नयेत म्हणून लपवून ठेवतं. मग जिवाणू काय करतो, तर आपल्या आवरणात बसवलेल्या एका खास दारातून तो धातू आत ओढून घेतो. हे दार कसं बांधायचं याचा मजकूर ज्या जनुकात असतो त्या एका जनुकाच्या मागं सर हयातभर लागले. टायफॉइड करणारा साल्मोनेला, आमांश करणारा शिगेला, आपल्या आतड्यात निमूटपणे राहणारे जिवाणू आणि शेतातल्या मातीतले जिवाणू, या सगळ्यांच्या जिनोममधून, म्हणजे चार अक्षरांत लिहिलेल्या त्यांच्या अख्ख्या जनुकसंचातून, तो जनुक शोधायचा आणि ओळीखाली ओळ ठेवून ताडून बघायचा. कुठं सारखा आहे, कुठं बदलला, कुणाकडून कुणाकडं गेला. जगभरच्या प्रयोगशाळांनी वाचलेले जिनोम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले असतात. त्यामुळं लाखोंची यंत्रं नसलेल्या कळंबच्या प्रयोगशाळेतही हे काम होऊ शकतं, हे सरांनी फार आधी ओळखलं होतं.

संगणक हे ताडून बघण्याचं काम डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात करतो. तरी पहिला जनुक प्रत्येकानं हातानंच लावायचा, हा सरांचा नियम होता. एकानं अक्षरं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं ऐकत पेन्सिलीनं खुणा करायच्या. वाचणाऱ्याचा डोळा आणि ऐकणाऱ्याचा कान एकाच वेळी चुकत नाहीत, असं ते म्हणत. तसंच जनुकाच्या डाव्या-उजव्या बाजूला कोणकोणते जनुक आहेत त्याची नोंद एका वेगळ्या वहीत व्हायची. तिला आम्ही शेजारवही म्हणायचो. तिच्या प्रत्येक पानाखाली दोन सह्या, वाचणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची. चुकलं तर खोडायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. खाडाखोड करून पान काळं करणारा विद्यार्थी सरांकडून फार बोलणी खायचा. बोलणी म्हणजे काय, तर सर गप्प बसायचे. त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या, असं आम्हाला वाटायचं.

सर आम्हाला सगळ्यांना "तुम्ही" म्हणत. सतरा वर्षांच्या पोरापोरींना अहोजाहो ऐकून पहिले काही दिवस हसू यायचं. एकदा मी धीर करून कारण विचारलं. सर सहज म्हणाले, की माझ्या वडिलांना गावात जन्मभर कुणी "तुम्ही" म्हटलेलं मी ऐकलं नाही, तेव्हाच ठरवलं की आपल्यासमोर बसणाऱ्याला आपण म्हणायचं. एवढं बोलून त्यांनी पुढची पट्टी हातात घेतली. त्या दिवसापासून मला त्या शब्दाचं हसू आलं नाही.

माया म्हणाल तर तीही त्यांच्या पद्धतीची. आमच्या वर्गात जळकोटची एक मुलगी होती, ती टायफॉइडनं आजारी पडली. सर रविवारी एसटीनं तिच्या घरी गेले. बरं वाटायला लागलं म्हणून औषध मध्येच सोडायचं नाही, हे तिच्या आईला तीनदा बजावून सांगितलं, पाणी उकळायचं कसं ते चुलीपाशी उभं राहून दाखवलं, आणि निघताना पिशवीतून साल्मोनेलाची पट्टी काढून त्या मुलीच्या उशाशी ठेवली. म्हणाले, "ज्यानं तुम्हाला पाडलंय त्याची ओळख करून घ्या, वेळ आहे तोवर." त्या पोरीनं अंथरुणात पडून पट्टी पूर्ण केली. ती आज एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते.

इथवर लिहिलेलं सगळं सरांच्या गौरवाचं आहे. आता जे लिहिते त्यात माझा गौरव नाही. पण ते गाळून सरांवर लिहिणं म्हणजे शेजार न बघता नाव देणं होईल.

पदव्युत्तर शिक्षणानंतर मी कळंबलाच तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. ज्यांनी ही नोकरी केली आहे त्यांना अधिक सांगायला नको, बाकीच्यांनी एवढंच समजावं की ती आज असते आणि उद्या नसते. सरांच्या मार्गदर्शनाखाली माझं संशोधन चालू होतं. त्यात आम्हाला एक नवल सापडलं. मातीतल्या एका जिवाणूच्या जिनोममध्ये आमचा तो मँगनीजचा जनुक मिळाला, आणि तो अगदी साल्मोनेलाच्या जनुकासारखा होता. याचा अर्थ आतड्यातल्या रोगजंतूकडून तो जनुक मातीतल्या जिवाणूकडं गेला असणार. असं घडतं, पण या जनुकाच्या बाबतीत या जिवाणूमध्ये कुणी दाखवलेलं नव्हतं. आम्ही शोधनिबंध लिहिला. तो एका चांगल्या नियतकालिकात छापून आला, सरांचं आणि माझं नाव शेजारी शेजारी. आबांना वाचता येत नव्हतं, त्यांनी तो अंक भंडाऱ्याच्या डबीशेजारी देव्हाऱ्यात ठेवला. त्या निबंधाच्या जोरावर मला एका महाविद्यालयात कायमच्या जागेच्या मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीला वीस-एक दिवस उरले होते. सर दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक घेत होते, मी मागं उभी होते. सरावासाठी आमचाच छापलेला जनुक दिला होता. वाचणारी मुलगी शेजारचे जनुक वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, की सर, या तुकड्यावरचे शेजारी तर सगळे साल्मोनेलाचेच आहेत, मातीवाल्याचा एकही नाही. सर म्हणाले, परत वाचा. तिनं परत वाचलं. सरांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग त्यांनी शांतपणे तास संपवला.

घडलं होतं ते असं. जिनोम सलग एका दमात वाचला जातोच असं नाही, पुष्कळदा तो तुकड्यातुकड्यांनी जमा होतो. आमचा जनुक ज्या छोट्या तुकड्यावर होता तो तुकडाच परका होता. जिथं कुठं तो जिनोम वाचला गेला तिथं नमुन्यात दुसऱ्या जिवाणूचा अंश मिसळला होता. त्याच मातीतल्या जिवाणूचा दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं वाचलेला जिनोम सरांनी त्याच संध्याकाळी काढून बघितला. त्यात तो जनुक नव्हताच.

मग शेजारवही काय करत होती? वहीत त्या जिनोमचं पान होतं, पानावर शेजाऱ्यांची नावं होती, खाली दोन सह्याही होत्या. नावं मी लिहिली होती, आणि ती बघून लिहिली नव्हती. त्या दिवशी मला गावी जायची घाई होती. आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षातला काही काळ मैलारपूरला मुक्कामाला असतो, आणि देव गाव बदलतो तो दिवस आमच्या घरात कुणी चुकवत नाही. एसटी चुकू नये म्हणून मी त्या जिवाणूच्या एका भावकीतल्या जिवाणूचं पान उघडलं, त्याचेच शेजारी इथंही असणार असं धरलं आणि उतरवून काढले. सरांनी "वाचा" म्हटलं तेव्हा मी "सर, गाडी जाईल," म्हणाले. सरांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि न ऐकता सही केली. त्यांच्या आयुष्यातली तसली ती एकच सही असावी.

हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सरांनी नियतकालिकाला निबंध मागं घेण्याचं पत्र लिहायला घेतलं. मी त्यांना विनवलं, की पत्र पाठवा, पण मुलाखत होऊन जाऊ द्या. वीस दिवसांनी जगबुडी येणार नव्हती. जनुक कुणाचा होता यावाचून कुणाचं अडलं नव्हतं, माझं मात्र सगळंच अडलं होतं.  सरांनी मलाच विचारलं, "सविता, तुमच्या गावात देव एका ठिकाणाहून दुसरीकडं जातो, तेव्हा करार होतो ना? दोन्ही गावची माणसं साक्षीला असतात. आपण छापून सांगितलं की जनुक गाव बदलून गेला. आपला साक्षीदार कोण?"

 चार दिवसांनी पत्र गेलं. त्यात माझ्या चुकीचा उल्लेख नव्हता, फक्त इतकंच होतं की तपासणीची सही सरांची आहे आणि त्यांनी ती न ऐकता केली. मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न त्या निबंधाबद्दल आला. मी खरं ते सांगितलं. जागा दुसऱ्याला मिळाली.

मी फार रागावले. सरांनी कुणाला विचारलं नाही, माझ्या घरचा विचार केला नाही, आपल्या तत्त्वापुढं त्यांना माणूस दिसला नाही, असं मी तेव्हा म्हणत होते आणि नंतरही पुष्कळ वर्षं मनातल्या मनात म्हणत राहिले. कळंब सोडून मी घरी आले. घरी आबा एका शब्दानं काही बोलले नाहीत. मी सरांना नावं ठेवायची, ते ऐकून घ्यायचे आणि जेवायला वाढ म्हणायचे. ते दीड वर्ष मी आबांबरोबर मेंढरांमागं हिंडले, लहानपणी हिंडले नसेन इतकी. मग आबा आजारी पडले आणि गेले. दहाव्याला सर आले होते. मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ते वाड्यापाशी, म्हणजे मेंढरांच्या वाड्यापाशी, बराच वेळ एकटे उभे राहिले आणि निघून गेले.

पुढं दुसरीकडं तासिकेवर शिकवत असताना एका मुलानं वर्गात मला एक जनुक दाखवून छातीठोकपणे त्याचं नाव सांगितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शेजार बघा, मग नाव द्या." तेही सरांसारखंच "बघा" म्हणाले, "बघ" नाही. वर्ग संपल्यावर मी स्टाफरूममध्ये बसून रडले. त्याच रविवारी कळंबची गाडी धरली. सर फरशीवरच बसले होते. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही, एक पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचा." मी वाचायला लागले. आमचं भांडण तिथं मिटलं.

सत्याचं फळ गोड असतं, असं वाक्य इथं शोभलं असतं. पण तसं काही झालं नाही. कायमची जागा मिळायला मला त्यानंतर आणखी पाच वर्षं लागली आणि ती मिळाली तेव्हा त्या जुन्या पत्राचा कुणी विषयही काढला नाही. सरांचा हा एक निबंध गेल्यानं त्यांचंही नुकसानच झालं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

हा लेख इथं संपणार होता. शेवटी शुभेच्छांचा परिच्छेदही लिहून झाला होता. पण सरांवरचा लेख दुसऱ्या कुणी ऐकल्याशिवाय छापायला देणं मला बरं वाटेना. सरांना वाचून दाखवता येत नव्हता, म्हणून गेल्या आठवड्यात सर बाहेर गेलेले बघून मी त्यांच्या घरी गेले आणि रमाकाकूंना, सरांच्या पत्नींना, समोर बसवलं. मी मोठ्यानं वाचत गेले, काकू पेन्सिल घेऊन ऐकत राहिल्या.

पहिली खूण त्यांनी लगेचच केली. म्हणाल्या, चहा ह्यांनी कुठला दिलाय, डबा घेऊन मी आले होते, थर्मासातला चहा तुझ्या आबांना मी दिला, ह्यांना चहाचं कधी सुचलंय का? मी हसून रेघ मारली. पुढचं सगळं त्यांनी मुकाट्यानं ऐकलं. "सरांनी कुणाला विचारलं नाही" या ओळीला मात्र त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. इथं चुकलंय, म्हणाल्या.

काकूंनी जे सांगितलं ते असं. पत्र लिहून झालं होतं, पण सरांनी ते चार दिवस पाठवलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी सर आणि काकू दोघं एसटीनं अणदूरला आले. मेंढरं तेव्हा जळकोटच्या अंगाला एका शेतात बसवली होती, तिथवर चालत गेले. सरांनी आबांना सगळं समजावून सांगितलं. परवानगी मागायला आलो नाही, सांगायला आलोय, असंही म्हणाले. दुसऱ्याचं एक आपल्यात मिसळलं होतं आणि ते आपलं म्हणून आम्ही छापलं, चूक दोघांची आहे. आबांनी एकच विचारलं, पोरीचं काय होईल? सर म्हणाले, ही जागा बहुतेक जाईल. आबा बराच वेळ काठीनं माती उकरत राहिले.

"सर," आबा म्हणाले, "दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात आलं तर आमी सांजच्याला हाक देतो, कुणाचं हाय म्हून. ठिवून घेत न्हाय. तुमी हाक द्या. फकस्त म्या व्हय म्हणलो, हे तिला सांगू नका. रागवायला तिला कुणीतरी लागंल. तुमच्यावर रागावली तर ती घरी तरी यील. माझ्यावर रागावली तर कुठं जाईल?"

सरांनी शब्द दिला. आणि तो इतकी वर्षं पाळला. दहाव्याला मी त्यांच्याकडं पाठ फिरवली तेव्हाही पाळला.

मी काकूंना विचारलं, मग आज तुम्ही कसं सांगितलंत? त्या म्हणाल्या, शब्द त्यांनी दिलाय, मी दिला नव्हता. आणि चुकीचं ऐकून खूण न करता सही कशी करू?

म्हणून वरची ती ओळ मी खोडलेली नाही. ती तशीच ठेवली आहे. तिच्यावर एक रेघ मारली आहे असं वाचकांनी समजावं. खालचं वाचता आलं पाहिजे, कारण ते दीड वर्ष मला त्या चुकीनंच दिलं. माझा राग सरांनी आपल्या अंगावर घेतला, आणि त्यामुळं मला आबांचे शेवटचे दिवस मिळाले.

सर, समारंभात हा लेख मी वाचणार आहे, तेव्हाच तुम्हाला कळेल की मला कळलंय. काकूंवर रागावू नका. तुमचे कान असेच तल्लख राहोत, गुडघे फरशीवर मांडी घालू देतील इतके धड राहोत, आणि समोर वाचणारं कुणी ना कुणी नेहमी असो. साठीनंतरची पुष्कळ वर्षं तुम्ही पेन्सिल घेऊन ऐकत बसलेलं आम्हाला बघायचं आहे. एसटी कितीही भरून आली तरी मी वाचायला येईन, आणि या वेळी गाडी जाईल असं म्हणणार नाही.

वाचलं: सविता
ऐकलं: रमाकाकू